लॅपटॉपला इंटरनेट मिळेना? धागा कुठे तुटला ते आधी पाहावे

पूर्वी आपल्या धंद्याची कागदपत्रे म्हणजे बिलबुक, चलान आणि बिल्टी. मुनीमजींनी कार्बन घालून तीन प्रती लिहिल्या की ट्रक रवाना होत असे. १ एप्रिल २०१८ पासून राज्याबाहेर जाणाऱ्या, पन्नास हजार रुपयांवरील मालाला ई-वे बिल सक्तीचे झाले आणि हा व्यवहार लॅपटॉपवर आला. मालेगावहून बालोतरा किंवा पालीला रंगाई-छपाईसाठी ग्रे कापड जॉबवर्कला पाठवायचे असेल तर माल कितीही किमतीचा असो, ई-वे बिल लागतेच. ते नसताना गाडी रस्त्यात अडवली गेली तर २०२२ सालापासून कराच्या दुप्पट दंडाची तरतूद आहे. गाडी भरून उभी आहे, ड्रायव्हर हॉर्न वाजवतो आहे आणि लॅपटॉपवर इंटरनेट येत नाही, असा प्रसंग आता बहुतेक पेढ्यांवर केव्हा ना केव्हा येऊन गेला आहे. महिन्याच्या वीस तारखेला, जीएसटीचे ३बी रिटर्न भरण्याच्या शेवटच्या दिवशी, हेच घडले तर दंड दिवसागणिक वाढतो.

अशा वेळी आमच्या बाजारात दोन प्रकार दिसतात. एक तर दिसेल ती वायर उपटली जाते, दिसेल ते बटण दाबले जाते. नाही तर लॅपटॉप बगलेत मारून कोपऱ्यावरच्या दुरुस्तीवाल्याकडे नेला जातो आणि तो म्हणतो, ‘चाचा, फॉर्मॅट करावा लागेल.’ आमच्या शेजारच्या गाळ्यातील एका कापड व्यापाऱ्याचा लॅपटॉप असाच फॉर्मॅट झाला. त्यात दोन वर्षांचा टॅलीचा हिशेब होता. बॅकअप नव्हता. लॅपटॉप परत आला, तरी इंटरनेट नव्हतेच. शेवटी कळले की फायबरच्या प्लॅनची मुदत आदल्या रात्री संपली होती. काही शे रुपयांच्या रिचार्जचे काम होते आणि गेला दोन वर्षांचा हिशेब.

यंत्रमाग थांबला तर जाणता जॉबर लगेच पाना उचलत नाही. लाईट आहे का, ताणा तुटला की बाणा, कांडी संपली की धोटा अडकला, हे तो आधी पाहतो. इंटरनेटचेही तसेच आहे. दोष कोणत्या टप्प्यावर आहे हे समजेपर्यंत काहीही उघडू नये, काहीही पुसू नये. हे समजायला इंजिनियर लागत नाही. दहा मिनिटे आणि खिशातला मोबाईल पुरतो.

इंटरनेट येते कोणत्या वाटेने

कंपनीच्या केंद्रापासून काचेची बारीक तार, म्हणजे फायबर, खांबाखांबावरून आपल्या गल्लीत येते. ती दुकानातील पांढऱ्या किंवा काळ्या डब्यात शिरते. हा डबा म्हणजे राऊटर. हल्ली बहुतेक ठिकाणी फायबरचे यंत्र आणि राऊटर एकाच डब्यात असतात. डब्यातून वायफायच्या लहरी निघतात, त्या लॅपटॉपमधील एक छोटे कार्ड पकडते. मग विंडोज, मग ब्राउझर, आणि शेवटी जीएसटीची किंवा बँकेची साइट. साखळीतील एक कडी सुटली तरी पडद्यावर संदेश जवळपास एकच येतो: इंटरनेट नाही. म्हणून संदेशावर न जाता कडी शोधावी.

पहिली परीक्षा मोबाईलची

मोबाईल त्याच वायफायला जोडावा. मात्र त्याआधी मोबाईलचा डेटा बंद करावा. हे न केल्याने अनेकजण फसतात. वायफाय मेलेले असले तरी फोन गुपचूप सिमकार्डचे इंटरनेट वापरतो, आणि आपण म्हणतो, ‘मोबाईलवर तर चालते, म्हणजे लॅपटॉपच खराब!’ डेटा बंद करून एखादी अशी साइट उघडावी जी आज उघडलेली नाही, कारण आधी पाहिलेले पान फोन कधी कधी आपल्या साठ्यातूनच दाखवतो.

मोबाईलवरही काही उघडत नसेल तर लॅपटॉपला हात लावण्याचे कारण नाही. दोष डब्यात, तारेत किंवा रिचार्जमध्ये आहे. मोबाईलवर सारे व्यवस्थित चालत असेल तर तार आणि डबा ठीक आहेत, दोष लॅपटॉपमध्ये शोधावा. आणि लॅपटॉपवर बातम्यांची, रेल्वेची, बँकेची साइट उघडते, फक्त एकच सरकारी पोर्टल उघडत नाही, असे असेल तर बिघाड आपल्याकडे नसून त्या पोर्टलवर गर्दी झालेली असते. शेवटच्या तारखेच्या संध्याकाळी असे पुष्कळदा होते. रात्री उशिरा किंवा पहाटे प्रयत्न करावा. खरे तर अठरा तारखेलाच भरावे, पण ते कोण ऐकतो!

दुसरी परीक्षा हॉटस्पॉटची, आणि यातच काम निघते

मोबाईलचा डेटा पुन्हा सुरू करून त्याचा हॉटस्पॉट चालू करावा आणि लॅपटॉप दुकानाच्या वायफायऐवजी त्या हॉटस्पॉटला जोडावा. लॅपटॉपवर इंटरनेट आले तर लॅपटॉप निर्दोष ठरला. नाही आले तर तो दोषी. मोबाईलची परीक्षा आणि ही परीक्षा, दोन्हींचे उत्तर जुळले की शंका राहत नाही.

गाडी उभी असेल तर बाकीचा तपास बाजूला ठेवून याच हॉटस्पॉटवर ई-वे बिल आधी काढून घ्यावे. २०२५ पासून पोर्टलमध्ये शिरताना नोंदवलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. हॉटस्पॉट चालू असतानाही तो संदेश येतो, त्यामुळे अडचण नाही. अडचण येते ती नोंदवलेला नंबर गावी गेलेल्या भावाचा किंवा सोडून गेलेल्या मुनीमाचा असेल तर. तो नंबर आजच तपासून ठेवावा.

हॉटस्पॉटवर एक काळजी घ्यावी. विंडोजला फुकटचे इंटरनेट दिसले की ते आपले अपडेट उतरवू लागते आणि दिवसाचा दीड-दोन जीबीचा कोटा अर्ध्या तासात संपतो. वायफायच्या सेटिंगमध्ये त्या हॉटस्पॉटच्या नावावर जाऊन ‘मीटर्ड कनेक्शन’ हा खटका चालू करावा, म्हणजे मोठे अपडेट थांबतात.

लॅपटॉपचे वायफाय कार्डच मेले असेल तर हॉटस्पॉट दिसणारही नाही. तेव्हा चार्जिंगची केबल उपयोगी पडते. अँड्रॉइड मोबाईल यूएसबी केबलने लॅपटॉपला जोडावा आणि मोबाईलच्या हॉटस्पॉट सेटिंगमधील ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. आता इंटरनेट तारेतून येईल, वायफायची गरजच नाही. केबल मात्र चांगली हवी. काही स्वस्त केबल फक्त चार्जिंग करतात, त्यांच्या आत डेटाच्या तारा नसतात. घरी बसून जरीकाम, भरतकाम करणाऱ्या आणि मोबाईलच्याच भरवशावर ऑर्डर घेणाऱ्या भगिनींकडे डबा नसतोच. त्यांनी आधी दिवसाचा कोटा संपला का ते पाहावे. बहुतेक वेळा तेवढेच कारण असते.

डब्याचे दिवे वाचायला शिकावे

मोबाईलची परीक्षा नापास झाली तर डब्याजवळ जाऊन दिवे पाहावेत. एकही दिवा नसेल तर लाईट, अॅडॉप्टर किंवा बोर्डाचा खटका पाहावा. हसू येईल, परंतु डब्याचा प्लग काढून तिथे मोबाईलचा चार्जर लावलेला असतो, हे आम्ही एकाहून अधिक दुकानांत पाहिले आहे. इन्व्हर्टर असलेल्या पेढीवरही डबा इन्व्हर्टरच्या बोर्डावर नसतो, त्यामुळे लाईट गेली की पंखा चालतो आणि इंटरनेट जाते.

फायबरच्या डब्यावर ‘एलओएस’ असे लिहिलेला एक दिवा असतो. तो एरवी विझलेला असतो. तो लाल होऊन लुकलुकू लागला की काचेच्या तारेतून उजेड येणे बंद झाले असे समजावे. तार कुठे तरी तुटली आहे, सुटली आहे किंवा फार वाकली आहे. आपल्या गल्ल्यांत ताग्यांनी उंच भरलेल्या टेम्पोत अडकून तार तुटते, पोटमाळ्यावर उंदीर कुरतडतात, कोणी गाठीच डब्याच्या वायरवर रचून ठेवतो. डब्याच्या मागे शिरणारी बारीक वायर, जी बहुधा पिवळी किंवा पांढरी असते, तिला कुठे मोड पडली आहे का, टोक सैल आहे का एवढे पाहावे. ही तार तांब्याची नाही. पिळून, सेलोटेप लावून ती जोडली जात नाही, आणि सुटलेले टोक डोळ्यासमोर धरून आत पाहू नये, त्यातील उजेड डोळ्याला दिसत नाही पण इजा करू शकतो. एलओएस लाल असेल तर डबा शंभर वेळा बंद-चालू करूनही काही होणार नाही. कंपनीला फोन करणे एवढाच इलाज.

‘पीओएन’ नावाचा दिवा स्थिर हिरवा आहे आणि एलओएस विझलेला आहे, म्हणजे तार शाबूत आहे. तरीही इंटरनेट नसेल तर पहिला संशय रिचार्जवर घ्यावा. प्लॅन संपला की तार जोडलेलीच राहते, वायफायही दिसते, फक्त पुढे दार बंद होते. काही कंपन्यांचे रिचार्जचे पान आपोआप उघडते, काहींचे उघडत नाही. रिचार्ज चालू असेल तर डबा एकदा बंद करावा, अर्धा मिनिट थांबावे आणि चालू करून पुरती तीन मिनिटे वाट पाहावी. डब्यालाही उठायला वेळ लागतो. दर वीस सेकंदांनी खटका खालीवर करणारे गृहस्थ त्याला उठूच देत नाहीत.

येथे एक इशारा द्यावासा वाटतो. डब्याच्या मागे टाचणीएवढे एक भोक असते, आत ‘रीसेट’चे बटण असते. बंद-चालू करणे वेगळे आणि हे बटण दाबून धरणे वेगळे. ते दाबून धरले की डब्यातील सारी माहिती पुसली जाते, कंपनीचे युजरनेम-पासवर्डसुद्धा. ते पुन्हा भरायला कंपनीचा माणूस यावा लागतो आणि तो उद्यावर जातो. मुलांना या भोकाविषयी आधीच ताकीद द्यावी.

दोष लॅपटॉपमध्ये असेल तर

मोबाईल त्याच वायफायवर चालतो, लॅपटॉप चालत नाही. आता लॅपटॉपची पाळी. प्रथम त्याला ‘रीस्टार्ट’ करावे. ‘शट डाऊन’ करून पुन्हा चालू केला म्हणजे तेच झाले असे लोकांना वाटते, पण विंडोज १० आणि ११ मध्ये शट डाऊन करताना विंडोज आपली काही स्थिती जपून ठेवते, म्हणजे लवकर सुरू होता येते. बिघाडही त्याबरोबर जपला जातो. रीस्टार्टने ती पाटी खरोखर पुसली जाते.

मग पडद्याच्या खाली उजव्या कोपऱ्यात पाहावे. तिथे विमानाचे चित्र असेल तर ‘एअरप्लेन मोड’ लागला आहे. कीबोर्डच्या वरच्या रांगेत विमानाचे किंवा अँटेनाचे बटण असते, धूळ पुसताना ते दाबले जाते. जुन्या काही लॅपटॉपच्या कडेला वायफायचा छोटा खटकाच असतो, तो पिशवीत घासून सरकतो.

वायफायचे नाव दिसते पण जोडले जात नाही, असे असेल तर बहुतेक वेळा कोणी तरी पासवर्ड बदललेला असतो आणि लॅपटॉप जुनाच पाठ म्हणत असतो. नावावर जाऊन ‘फरगेट’ करावे आणि पासवर्ड नव्याने भरावा. हिंदी-मराठीचा कीबोर्ड चालू राहिला नाही ना, हेही पाहावे. नावच दिसत नसेल तर डब्याजवळ जाऊन पाहावे. डबे दोन प्रकारच्या लहरी सोडतात. एक २.४ गिगाहर्ट्झची, ती दूर जाते. दुसरी ५ गिगाहर्ट्झची, ती वेगवान असते पण भिंत, लोखंडी शटर, रॅक यांच्यापुढे हार मानते. नावाच्या शेवटी ५जी लिहिलेले असते ती ही दुसरी. मोबाईलच्या फाइव्ह-जी सेवेशी तिचा काही संबंध नाही. जुन्या लॅपटॉपना ही दुसरी लहर मुळीच दिसत नाही. मागच्या गोडाऊनमध्ये बसून काम करायचे असेल तर पहिलीच लहर धरावी.

आता सर्वांत फसवी अवस्था. लॅपटॉप म्हणतो, ‘कनेक्टेड, नो इंटरनेट’. मोबाईल त्याच क्षणी छान चालतो. येथे चार संशयित आहेत.

पहिला संशयित, तारीख. जुन्या लॅपटॉपची मोठी बॅटरी मेलेली असते, आतली नाण्याएवढी छोटी बॅटरीही संपलेली असते. लाईट जाताच त्याचे घड्याळ कित्येक वर्षे मागे जाते. बँकेच्या आणि जीएसटीच्या साइटकडे ओळखपत्रासारखे एक प्रमाणपत्र असते आणि त्यावर मुदत लिहिलेली असते, या तारखेपासून त्या तारखेपर्यंत. लॅपटॉपला वाटते की आज २०१५ साल आहे, मग आजचे प्रमाणपत्र त्याला भविष्यातले वाटते आणि तो साइट उघडायला नकार देतो. पडद्यावर ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ किंवा ‘घड्याळ मागे आहे’ अशा अर्थाचा इंग्रजी संदेश येतो. कोपऱ्यातील तारीख आणि सालही वाचावे, नुसती वेळ नव्हे. हाताने दुरुस्त करावे, आणि रोज मागे जात असेल तर छोटी बॅटरी बदलून घ्यावी. ती फार महाग नसते.

दुसरा संशयित, ठरवून दिलेला पत्ता. डबा प्रत्येक यंत्राला एक नंबर देतो, जसा सायझिंगच्या दारात बीमला नंबर लावावा तसा. त्याला आयपी अॅड्रेस म्हणतात. दुकानात दोन संगणकांवर एकच टॅली चालावी म्हणून बसवणारा माणूस पुष्कळदा हा नंबर हाताने पक्का करून जातो. तोच लॅपटॉप घरी नेला की घरचा डबा त्याला ओळखत नाही. दुकानात चालतो, घरी चालत नाही, अशी तक्रार असेल तर जवळजवळ नक्की हेच. वायफायच्या सेटिंगमध्ये ‘आयपी असाइनमेंट’ असे लिहिलेले असते, तिथे ‘मॅन्युअल’ असेल तर आधीचे आकडे कागदावर उतरवून घ्यावेत आणि मग ‘ऑटोमॅटिक’ करावे. दुकानात टॅलीला ते आकडे पुन्हा लागतील. नंबर काय मिळाला ते पाहायचे असेल तर स्टार्टमध्ये सीएमडी लिहून काळी खिडकी उघडावी आणि इंग्रजी अक्षरांत आयपीकॉन्फिग असे सलग लिहून एंटर दाबावे. आयपीव्ही४ च्या ओळीत १९२.१६८ ने सुरू होणारा आकडा असेल तर डब्याने नंबर दिला आहे. काही डबे १० ने सुरू होणारा देतात, तोही ठीक. १६९.२५४ ने सुरू होत असेल तर डब्याने दिलेला नाही, लॅपटॉपने निरुपाय म्हणून स्वतःच एक घेतला आहे. मग डबा आणि लॅपटॉप दोन्ही रीस्टार्ट करावेत.

तिसरा संशयित, नावांची वही. इंटरनेटवर प्रत्येक साइटचा खरा पत्ता आकड्यांत असतो. आपण नाव लिहितो, आणि डीएनएस नावाची एक वही त्या नावाचा आकडा शोधून देते. ही वही सहसा आपल्या कंपनीची असते. ती बंद पडली तर रस्ता मोकळा असूनही पत्ता सापडत नाही. त्याच काळ्या खिडकीत इंग्रजीत पिंग लिहून, जागा सोडून, ८.८.८.८ हा आकडा इंग्रजी अंकांत लिहावा. हा गुगलच्या सार्वजनिक वहीचा पत्ता आहे. ‘रिप्लाय’ अशा चार ओळी आल्या तर रस्ता चालू आहे. मग पिंग लिहून पुढे एखाद्या साइटचे नाव द्यावे. आकड्याला उत्तर येते आणि नाव सापडतच नाही असे म्हटले जाते, तर वहीचा दोष. सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि दुसऱ्या रकान्यात १.१.१.१ भरावे. दुसरा पत्ता क्लाउडफ्लेअर कंपनीचा आहे. दोन्ही मोफत आहेत.

चौथा संशयित, प्रॉक्सी. फुकटचे सॉफ्टवेअर, चोरीचे अकाउंटिंग पॅकेज, सिनेमा उतरवण्याचे साधन, असे काही बसवले की ते कधी कधी लॅपटॉपचे सारे दळणवळण स्वतःच्या दारातून वळवून घेते. ते साधन काढून टाकले तरी वळण तसेच राहते. नेटवर्कच्या सेटिंगमध्ये ‘प्रॉक्सी’ आहे, तिथे ‘यूज अ प्रॉक्सी सर्व्हर’ चालू दिसल्यास बंद करावे. व्हीपीएन बसवले असेल तर तेही बंद करून पाहावे. मुदत संपलेला अँटिव्हायरसही कधी कधी वाट अडवतो.

या चौघांत नसेल तर ‘डिव्हाइस मॅनेजर’ उघडून ‘नेटवर्क अॅडॉप्टर्स’च्या यादीत वायफायच्या नावावर पिवळा त्रिकोण आहे का ते पाहावे. त्रिकोण म्हणजे कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर, ज्याला ड्रायव्हर म्हणतात, ते बिघडले. त्या नावावर उजवी क्लिक करून ‘अनइन्स्टॉल डिव्हाइस’ करावे, फाइल पुसण्याची खूण करू नये, आणि रीस्टार्ट करावे. बहुतेक वेळा विंडोज ते स्वतः पुन्हा बसवते. यादीत वायफायचे नावच नसेल तर कार्ड मेले असण्याची शक्यता मोठी. त्यासाठीही लॅपटॉप बदलायला नको. यूएसबीमध्ये बसणारे वायफायचे बोटाएवढे साधन काही शे रुपयांत मिळते. अगदी शेवटी ‘नेटवर्क रीसेट’. त्याने नेटवर्कची सारी सेटिंग नव्याने बसते, हिशेबाच्या फाइलींना धक्का लागत नाही, पण वायफायचे सारे पासवर्ड विसरले जातात. ते आधी लिहून ठेवावेत.

विंडोज ७ वर अजून पेढी चालवणारे बांधवही आहेत. त्यांचे इंटरनेट चालू असते, पण पोर्टल अर्धवट उघडते किंवा उघडतच नाही. क्रोम ब्राउझरने २०२३ मध्ये विंडोज ७ ची साथ सोडली. हा बिघाड नाही, म्हातारपण आहे. त्यावर वरील उपाय करण्यात वेळ घालवू नये, हिशेब बाहेर काढून घ्यावा आणि यंत्र बदलावे.

फॉर्मॅटवाला आणि फोनवाला

इंटरनेटच्या बिघाडासाठी फॉर्मॅट लागतो असे क्वचितच घडते. कोणी सांगितलेच तर दोन प्रश्न विचारावेत: हॉटस्पॉटवर चालवून पाहिले का, आणि माझा टॅलीचा डेटा कोणत्या फोल्डरमध्ये आहे? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर ज्याला देता येत नाही त्याच्या हाती लॅपटॉप देऊ नये. शुक्रवारी कारखाने बंद असतात, त्या दिवशी टॅलीचा बॅकअप पेनड्राइव्हवर घेण्याची सवय लावावी, आणि पेनड्राइव्ह लॅपटॉपच्या पिशवीत न ठेवता घरी ठेवावा.

फॉर्मॅटवाल्यापेक्षा वाईट फोनवाला. घाईत असलेला माणूस मोबाईलवर ‘कस्टमर केअर नंबर’ शोधतो आणि जो पहिला नंबर दिसेल तो लावतो. असे नंबर ठगांनी टाकलेले असू शकतात. पलीकडचा माणूस गोड बोलतो, एक अॅप उतरवायला सांगतो, त्या अॅपवरून आपला पडदा त्याला दिसतो आणि यंत्र त्याच्या ताब्यात जाते. मग ‘दहा रुपये भरून तक्रार नोंदवा’ असे म्हणतो, आपण बँकेचा पासवर्ड भरतो आणि तो पाहतो. इंटरनेट कंपनीचा नंबर फक्त बिलावरून किंवा कंपनीच्या अधिकृत अॅपमधूनच घ्यावा. तक्रार नोंदवायला पैसे लागत नाहीत. पैसे गेलेच तर एक तासही न घालवता १९३० या सरकारी सायबर हेल्पलाइनवर फोन करावा. जितक्या लवकर कळवाल तितकी ती रक्कम पुढे सरकण्याआधी अडवली जाण्याची आशा.

डब्याच्या शेजारी भिंतीवर एक चिठ्ठी चिकटवून ठेवावी. तिच्यावर कंपनीचा तक्रार नंबर, आपला ग्राहक क्रमांक आणि प्लॅन संपण्याची तारीख असावी. वायफायचा पासवर्ड मात्र भिंतीवर नको, गल्ल्यातल्या वहीत लिहावा. तक्रार करताना नुसते ‘नेट बंद आहे’ असे सांगू नये. एलओएस लाल आहे की विझलेला, किती वाजल्यापासून, शेजाऱ्याचे चालते का, एवढे सांगितले की तार जोडणारा पाठवायचा की रिचार्जची नोंद पाहायची हे पलीकडच्याला लगेच ठरवता येते. शेवटी तक्रार क्रमांक मागून घ्यावा आणि त्याच चिठ्ठीवर तारखेसह लिहावा.